विश्लेषण : झाडाखाली सडलेल्या संत्र्याचा ‘गुन्हेगार’ ओळखायचा कसा?

विदर्भातील संत्रापट्ट्यात ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. आंबिया बहराची फळे पिवळी पडून, देठाजवळ तपकिरी होऊन झाडाखाली सडा पडतो. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, काटोल, नरखेड या तालुक्यांत अशा वेळी पाहणी पथके फिरतात, फवारण्या होतात, भरपाईच्या मागण्या होतात. मात्र फळ नेमके कशामुळे सडले, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अंदाजावरच सोडले जाते. ते अचूक शोधणे इतके अवघड का आहे आणि त्यावर शेतकऱ्याचे किती पैसे अवलंबून असतात, याचा हा आढावा.

फळगळ आणि फळसड एकच का?

नाही, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. संत्र्याचे झाड पोसू शकेल त्यापेक्षा कितीतरी जास्त फळे धरते आणि जास्तीची स्वतःच टाकून देते. त्यानंतरच्या गळीची तीन कारणे कृषिशास्त्रज्ञ सांगतात : झाडाच्या शरीरक्रियेतील बिघाड, कीड आणि रोग. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, झाडातील संप्रेरकांचा तोल ढळतो आणि देठाशी फळ सुटते. हे फळ पडताना निरोगी असते, मात्र ओल्या मातीत दोन-तीन दिवस राहिले की त्यावर बुरशी येते. चौथ्या दिवशी पाहणीला आलेल्या माणसाला दिसते ते सडलेले फळ. आधी गळले की आधी सडले, हे त्या फळाकडे पाहून सांगता येत नाही. म्हणूनच जमिनीवरच्या फळापेक्षा झाडावर लटकलेल्या, नुकताच डाग पडू लागलेल्या फळाची साक्ष जास्त भरवशाची.

संशयित कोण कोण?

पहिला संशयित फायटोफ्थोरा. बोलीभाषेत याला बुरशी म्हटले जात असले तरी शास्त्रीयदृष्ट्या ती खरी बुरशी नाही. पाण्यातील काही शैवालांशी तिचे नाते जवळचे आहे. तिचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंनी पाण्यात अक्षरशः पोहतात. पावसाचा थेंब जमिनीवर आदळला की मातीसोबत ते उडतात आणि खालच्या फांद्यांवरील फळांवर बसतात. फळ बराच वेळ, जवळपास दिवसभर, ओले राहिले की संसर्ग होतो. डाग फिकट तपकिरी, चामड्यासारखा असतो. फळ सुरुवातीला मऊ पडत नाही, पण उग्र वास येतो आणि दमट हवेत त्यावर पांढरी बारीक लव दिसते. यालाच ‘ब्राऊन रॉट’ म्हणतात. याच गटातील जिवाणूसदृश नव्हे, तर तंतुमय प्रजाती मुळे कुजवतात आणि खोडावर डिंक आणतात. शेतकऱ्यांच्या परिचयाचा ‘डिंक्या’ तो हाच. पाल्मिव्होरा ही प्रजाती मात्र फळावरच नवे बीजाणू तयार करते, त्यामुळे ती उंचावरच्या फळांपर्यंतही पोहोचते. ‘खालची फळे सडली तरच फायटोफ्थोरा’ हा ठोकताळा म्हणूनच पुरेसा नाही.

दुसरा गट देठाकडून शिरणाऱ्या बुरशींचा : कोलेटोट्रिकम, लॅसिओडिप्लोडिया (जुने नाव बोट्रिओडिप्लोडिया), डायपोर्थे. यांचा मुक्काम वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे ‘सल’वर असतो. पावसात बीजाणू तिथून ओघळून देठाच्या बोंडीशी येतात. लॅसिओडिप्लोडियाची सड फळाच्या मधल्या गाभ्यातून सालीपेक्षा वेगाने धावते आणि फळाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. अल्टरनेरियामुळे तर फळ बाहेरून बरे दिसते आणि आत गाभा काळा पडलेला असतो.

तिसरा संशयित उडणारा. रस शोषणारा पतंग रात्री येतो, पिकू लागलेल्या फळाला सोंडेने छिद्र पाडतो आणि निघून जातो. सकाळी बागेत पतंग दिसत नाही. छिद्रातून बुरशी आत शिरते, भोवती डाग वाढतो आणि दोष बुरशीवर जातो. ओळखीची खूण सोपी आहे : फळ हलके दाबले की छिद्रातून रस येतो. या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत, त्या बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. फळमाशीच्या बाबतीत फळ कापल्यावर आत अळ्या सापडतात.

मंडईत किंवा घरच्या टोपलीत दिसणारी हिरवी-निळी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम, हे प्रकरण वेगळे. तिला आत शिरायला जखम लागते आणि ती प्रामुख्याने तोडणीनंतरची, हाताळणीतली समस्या आहे.

कॅलिफोर्नियातील लिंबांनी काय शिकवले?

लिंबूवर्गीय फळांच्या सडीचा सर्वात बोधक तपास शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झाला. कॅलिफोर्नियात तोडणीच्या वेळी चांगली दिसणारी लिंबे साठवणीत सडत होती. वनस्पती रोगशास्त्रज्ञ राल्फ स्मिथ आणि एलिझाबेथ स्मिथ यांनी १९०६ मध्ये त्यामागील सूक्ष्मजीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो बागेतील मातीतून येत होता आणि लिंबे धुण्याच्या हौदातील पाण्यात पसरत होता. फळे स्वच्छ करण्याची जागाच रोग वाटत होती! हौदाच्या पाण्यात मोरचूद मिसळण्याचा उपाय त्यातून निघाला. पुढे १९१३ मध्ये हॉवर्ड फॉसेट यांनी झाडाच्या खोडावरील डिंक्यामागेही हाच सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. फळाचा रोग आणि खोडाचा रोग ही एकाच कारणाची दोन रूपे ठरली. त्याला आज फायटोफ्थोरा सिट्रोफ्थोरा म्हणतात.

प्रयोगशाळेत ओळख कशी पटते?

सडक्या भागाच्या मधोमध नव्हे, तर निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरून तुकडा घेतला जातो. तो जंतुनाशकाने धुऊन पोषक माध्यमावर ठेवतात. खरी अडचण इथे येते. साध्या माध्यमावर पेनिसिलियम, फ्युजेरियम अशा झपाट्याने वाढणाऱ्या बुरशी पुढे जातात आणि फायटोफ्थोरा मागे पडते. अहवालात मग भलत्याचेच नाव येते. त्यामुळे तिच्यासाठी इतर बुरशी व जिवाणूंना रोखणारी औषधे घातलेले खास माध्यम लागते. मातीतून तिला पकडण्याची जुनी युक्तीही अजून वापरात आहे. माती पाण्यात कालवून त्यात लिंबूवर्गीय पानांचे तुकडे ‘आमिष’ म्हणून सोडायचे. पोहणारे बीजाणू आपणहून त्यावर येऊन बसतात.

पण बुरशी सापडली म्हणजे कारण सापडले, असे नाही. कोलेटोट्रिकम आणि लॅसिओडिप्लोडिया निरोगी झाडाच्या ऊतींतही गुपचूप राहू शकतात. झाड पाण्याच्या ताणाने किंवा पाणी साचल्याने दुबळे झाले की त्या उचल खातात. घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण आरोपी नसतो, तसेच हे. म्हणून वेगळी केलेली बुरशी निरोगी फळावर सोडायची, तीच लक्षणे येतात का पाहायचे आणि त्या फळातून तीच बुरशी पुन्हा मिळवायची. रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखली जाणारी ही एकोणिसाव्या शतकातील कसोटी आजही सुटलेली नाही. डीएनए चाचणी प्रजातीचे नाव अचूक सांगते, मात्र त्या प्रजातीनेच फळ सडवले का, हे एकटी सांगू शकत नाही. या सगळ्याला दिवस लागतात, आणि गळ तेवढे थांबत नाही.

चुकीच्या निदानाने काय बिघडते?

सर्वात ठळक उदाहरण कार्बेन्डाझिमचे. कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे हे बुरशीनाशक कोलेटोट्रिकमसारख्या खऱ्या बुरशींवर काम करते. फायटोफ्थोरावर त्याचा उपयोग होत नाही. इतका होत नाही, की याच कुळातील बेनोमिल हे औषध प्रयोगशाळेत इतर बुरशी मारून फायटोफ्थोरा वेगळी काढण्यासाठी माध्यमात मिसळले जाते! म्हणजे ब्राऊन रॉटवर कार्बेन्डाझिम फवारणारा शेतकरी औषध, मजुरी आणि डिझेलचा खर्च करतो आणि रोग तसाच राहतो. तिथे फोसेटिल एएल, मेटॅलॅक्झिलयुक्त मिश्रण किंवा एक टक्का बोर्डो मिश्रण लागते. याउलट दोष पतंगाचा असेल तर कोणतेही बुरशीनाशक व्यर्थ, आणि पाणी साचल्याने गळ होत असेल तर फवारणीआधी चर काढायला हवा. सल छाटून बागेबाहेर नेणे, गळलेली फळे उचलून पुरणे ही कामे कंटाळवाणी आहेत, पण बुरशी कोणतीही असली तरी उपयोगी पडतात.

फायटोफ्थोराच्या बाबतीत तर मूळ प्रश्न रोपवाटिकेतच असू शकतो. विदर्भात संत्र्याची कलमे प्रामुख्याने जंबेरीच्या खुंटावर बांधली जातात आणि जंबेरी या रोगाला बळी पडते. रोगट मातीत वाढलेले कलम रोग सोबत घेऊनच शेतात येते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निर्जंतुक मिश्रणात, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिशव्यांत रोपे वाढवण्याचा आग्रह धरला तो यामुळेच.

भरपाईशी याचा संबंध काय?

थेट आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते आणि नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तर मदत मिळते. पण रोगाला ढगफुटी लागत नाही. दोन-तीन दिवसांची झड, ढगाळ हवा आणि न वाळणारी फळे एवढे त्याला पुरते. पर्जन्यमापकात ६५ चा आकडा गाठला नाही तरी बाग सडू शकते. राज्य सरकारने २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली. त्यात सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस, शिवाय अन्य अटी आहेत. हवामान आधारित फळपीक विम्यातही भरपाई ठरते ती हवामान केंद्राच्या नोंदींवर, झाडाच्या अवस्थेवर नाही. परिणामी पंचनाम्यात ‘रोगामुळे गळ’ लिहिले की ‘पावसामुळे गळ’, या दोन शब्दांत शेतकऱ्याचा हंगाम अडकतो. वास्तवात बहुतेक वेळा दोन्ही खरे असते. पाऊस कारण, रोग त्याचे माध्यम. निकषांच्या तक्त्यात मात्र या साखळीला रकाना नाही. त्यात बांगलादेशने आयातशुल्क वाढवल्याने निर्यातीला आधीच फटका बसलेला. पेटीतले एक ब्राऊन रॉटचे फळ शेजारच्या फळांनाही घेऊन जाते, त्यामुळे लांबच्या वाहतुकीत नुकसान आणखी वाढते.

नमुना कसा द्यावा?

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही. मुळशी तालुक्यातील भुकूमसारख्या गावांचा परिसर संत्र्याचा नव्हे, भाताचा. पण तिथे अंगणात, बंगल्यांच्या आवारात लिंबाची झाडे असतात आणि पावसाळा विदर्भापेक्षा दमदार. खोडाभोवती माती चढवलेली, आळ्यात पाणी तुंबलेले आणि बुंध्यातून डिंक येत असेल तर संशय आधी फायटोफ्थोरावर घ्यावा. माती बाजूला करून कलमाचा जोड उघडा ठेवणे आणि पाण्याला वाट देणे हा पहिला उपाय.

तपासणीसाठी पूर्ण सडलेले फळ नेऊ नये. नुकताच डाग पडलेली चार-पाच फळे झाडावरून तोडून, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी द्यावीत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल धरते आणि प्रवासातच दुसरी बुरशी चढते. सोबत झाडाच्या घेरातील, पृष्ठभागाखालची थोडी माती व बारीक मुळे द्यावीत. शेवटचा पाऊस कधी झाला, कोणती फवारणी केव्हा केली आणि फळे झाडाच्या कोणत्या भागातली आहेत, हे कागदावर लिहून द्यावे. पुणे जिल्ह्यात बारामती व नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. विदर्भात नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडे विचारणा करता येते. फवारणी केल्यावर लगेच घेतलेला नमुना बहुधा काहीच सांगत नाही, त्यामुळे नमुना आधी आणि पंप नंतर.