जीपीएसची परीक्षा जेटीवरच घ्या

जोहे, दादर, रावे आणि धरमतर खाडीच्या काठावरच्या तांडेलांनो,

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या दोन महिन्यांत तुम्ही जाळी दुरुस्त करता, इंजिन खोलता, बोटीला रंग काढता. केबिनमधल्या जीपीएसकडे मात्र कोणी बघत नाही. आकडे दाखवतोय ना, मग झालं!

तसा तो खोटं बोलत नाही. उघड्या आकाशाखाली साधं यंत्रही पाच-दहा मीटरच्या आत जागा सांगतं. घोळ बहुतेक वेळा आपल्याच बोटीवर होतो.

बोट नेहमीच्या जागी बांधलेली असताना यंत्र लावा. दहा मिनिटं थांबा. ती जागा ‘जेटी’ नावाने साठवा. पुढे दर वेळी निघण्याआधी बघा, जेटी किती लांब दाखवतोय. दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे चालेल. साठ-सत्तर दाखवू लागला तर दोर सोडू नका.

आधी अँटेना बघा. पत्र्याखाली किंवा वायरलेसच्या अँटेनाला खेटून ती नको. वायरीच्या जोडावर हिरवं चढलं असेल तर जोड नवा करा.

सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूजीएस ८४’ असू द्या. ‘एसबीएएस’ किंवा ‘वास’ असेल तर तेही चालू करा. म्हणजे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ सेवा मिळते, तीही फुकट. उपग्रहाचा संदेश आकाशातल्या वरच्या थरांत रेंगाळतो, त्याची दुरुस्ती गगन पाठवतं. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर मध्यरात्रीपर्यंत हे थर कधीकधी खवळतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त. तेव्हा गगनही पुरं पडत नाही. आकडे उड्या मारू लागले तर यंत्राला थपडा मारू नका. वेग कमी करा आणि खांदेरीचा दिवा धरा. आजोबांच्या खुणा अजून जागेवर आहेत.

सगळ्यात महागात पडते ती लिहिण्यातली चूक. शेजारच्या बोटीने खडकाची जागा सांगितली, १८ अंश ४३.५० मिनिटं. तुमच्या पोराने वहीत लिहिलं, १८ अंश ४३ मिनिटं ५० सेकंद. दिसायला सारखंच. पण अर्धं मिनिट म्हणजे ३० सेकंद, ५० नव्हे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर. या वीस सेकंदांत तुम्ही सहाशे मीटरच्या वर चुकलात. खडक चुकवायला वळलात आणि नेमके त्याच्यावर गेलात! म्हणून बंदरातल्या सगळ्यांनी बसून एकच पद्धत ठरवा आणि प्रत्येक यंत्र तसंच लावा.

खाडीत शिरताना पडद्यावरच्या रेषेवर विसंबू नका. गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो, नकाशा तेवढ्या लवकर बदलत नाही. ओहोटी असेल तर बांबू टाकून पाणी मोजा.

आणि अडचणीत तटरक्षक दलाला १५५४ वर फोन लावाल किंवा वायरलेसच्या १६ नंबरवर बोलाल, तेव्हा आकडे सावकाश सांगा. ‘त्रेचाळीस दशांश पाच शून्य मिनिटं’ असं पूर्ण बोला. पलीकडच्याला ते परत म्हणायला लावा.