कार्यशाळेतली सोय म्हणजे लाड नव्हे

आयटीआयला जाणारा मुलगा पाठ दुखते म्हणाला, की घरातून ठरलेले उत्तर मिळते, ‘‘कामाची सवय नाही, होईल हळूहळू.’’ सवय होते, हे खरे. पण वाकून काम करण्याची सवय लागली, तर पुढची तीस-चाळीस वर्षे तीच दुखणे होऊन बसते.

फिटरचेच उदाहरण घ्या. सुरुवातीला त्याला दिवसच्या दिवस कानस चालवावी लागते. व्हाइसची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावी, हा जुना साधा नियम आहे. पण बाके सगळी एकाच मापाची आणि मुले मात्र कोणी ठेंगणी, कोणी ताडमाड. उंच मुलगा कमरेत वाकतो, ठेंगणा खांदे वर उचलून काम करतो. यावर उपाय महागडा नाही. ठेंगण्याच्या पायाखाली न डुगडुगणारी रुंद फळी द्यावी. उंचाच्या व्हाइसखाली ठोकळा घट्ट बसवावा.

प्रकाशाचेही तसेच. साध्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. पण ठरावीक वेगाने फिरणारा लेथचा चक त्या प्रकाशात थांबल्यासारखा भासू शकतो. बोट जायला तेवढे पुरे! शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर घेतल्या, की हा भास बराच कमी होतो. वेल्डिंगच्या जागेला आडोसा हवाच. त्या झगमगाटाने काम करणाऱ्याचेच नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्याचेही डोळे काही तासांनी खुपू लागतात.

पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात डोके चालत नाही, ही सबब नव्हे. पत्र्याला वरून चुना मारावा, माथ्याशी गरम हवा जायला वाट ठेवावी आणि भंगाराने बुजलेल्या खिडक्या मोकळ्या कराव्यात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजावा.

मुलींसाठी स्वच्छ, कडी लागणारे शौचालय नसेल, तर त्या दिवसभर पाणी पिणेच टाळतात. मग लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन दवाखाना गाठावा लागतो.

हवा, उजेड, पिण्याचे पाणी, शौचालय, इतकेच नव्हे तर उभ्याने काम करणाऱ्याला मधूनमधून बसण्याची सोय, हे सारे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगारासाठी आवश्यक मानले. उद्या कामगार होणाऱ्या मुलाला आज त्याहून कमी का मिळावे?

प्रवेश घेताना पालक फी विचारतात, नोकरीचे विचारतात. एकदा कार्यशाळेत जाऊन मुलाला व्हाइससमोर उभे करावे आणि त्याचे कोपर कुठे येते, तेही पाहावे.