उपवासाला कुट्टू

उत्तर भारतात नवरात्रात घरोघरी कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या होतात. आपल्याकडे उपवास म्हटला की आधी साबुदाणा भिजतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. तेवढ्याच कुट्टूत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि भरपूर मॅग्नेशियम असते. गव्हा-तांदळात कमी पडणारे लायसिनही त्यात चांगले असते. हिमालयाच्या उतारांवर पिकणारा कुट्टू गवतवर्गातले धान्य नव्हेच. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातल्या रोपाचे ते तिकोनी बी. म्हणून तो उपवासाला चालतो आणि ग्लुटेन नसल्याने सीलिॲकच्या रुग्णांनाही, फक्त दळताना गव्हाची भेसळ होता कामा नये. काहींना कुट्टूची तीव्र ॲलर्जी असते, त्यांनी तो टाळावा. पीठही ताजेच आणावे. ते लवकर खवट होते आणि जुन्या किंवा भेसळीच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात येतात. पुऱ्या तळण्यापेक्षा उकडलेला बटाटा, जिरे, मिरची घालून थालीपीठ थापावे, सोबत दही घ्यावे. दिवसभर उपाशी राहणाऱ्या घरातल्या बायकांच्या ताटात एवढे बळ पडलेच पाहिजे.