बंगळुरूची अफवा आणि संदेशांचे समूह

ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळुरूच्या रेल्वे स्थानकावर ईशान्य भारतातील हजारो विद्यार्थी आणि नोकरदारांची गर्दी उसळली होती. आसाममधील हिंसाचाराचा सूड रमजाननंतर उगवला जाईल, अशा आशयाचे संदेश मोबाईलवरून पसरले होते. कर्नाटक सरकारने सुरक्षेची ग्वाही दिली. तरीही गुवाहाटीकडे विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. पुण्यातूनही अनेकांनी गावची वाट धरली.

केंद्र सरकारने १७ ऑगस्ट रोजी घाऊक एसएमएस आणि एमएमएसवर १५ दिवसांसाठी निर्बंध घातले. एका वेळी पाचपेक्षा अधिक जणांना संदेश पाठवण्यास मनाई झाली. पुढे ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. मात्र निर्बंध लागू झाले, तेव्हा हजारो प्रवासी शहर सोडून गेले होते.

एसएमएस ते स्मार्टफोन

असा निर्बंध शक्य झाला तो एसएमएसच्या रचनेमुळे. दहा जणांना पाठवलेला एसएमएस म्हणजे प्रत्यक्षात दहा स्वतंत्र संदेश असतात. ते दूरसंचार कंपनीच्या केंद्रातून जातात. त्यामुळे ते मोजता येतात आणि रोखताही येतात. एका संदेशात रोमन लिपीतील १६०, तर देवनागरीतील केवळ ७० चिन्हे मावतात.

स्मार्टफोनवरील समूहाची व्यवस्था निराळी आहे. व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो. कंपनीचा सर्व्हर त्याच्या प्रती सर्व सदस्यांकडे पोहोचवतो, परंतु त्याला मजकूर वाचता येत नाही. किल्ली केवळ सदस्यांच्या फोनमध्ये असते. ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सर्वत्र लागू झाली. २०२२ पासून एका समूहात १,०२४ सदस्य असू शकतात. खासगीपणाचे रक्षण करणारे हेच कुलूप अफवेलाही आडोसा देते.

त्याची किंमत २०१८ मध्ये दिसली. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून मे महिन्यात बंगळुरूच्या चामराजपेट परिसरात राजस्थानातील एका तरुणाचा जमावाने बळी घेतला. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारण्यात आले.

मर्यादा आणि विश्वास

त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेशाचा मूळ कर्ता शोधण्याची तरतूद आली. तिला कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी समूहचालकास केवळ त्या पदामुळे दोषी धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी स्पष्ट केले.

या उपायांनी संदेशाचा वेग मंदावतो, त्याची विश्वासार्हता मात्र घटत नाही. बंगळुरूतील तरुणांना इशारा आला तो आप्त आणि मित्रांकडून. दिलासा आला तो अनोळखी अधिकाऱ्यांकडून. समूहात अनोळखी मजकुराला ओळखीच्या माणसाचे नाव चिकटते आणि तिथेच शहानिशा संपते. म्हणूनच अफवेला वेळीच रोखायचे, तर प्रशासनाचे खुलासे त्या समाजाच्या भाषेत आणि त्याच्या विश्वासातील माणसांमार्फत, संदेशाच्याच वेगाने पोहोचायला हवेत. गाडी सुटल्यावर दिलेली ग्वाही कुणाच्याही कामी येत नाही.