शाळेची किल्ली कुणाकडे?

संध्याकाळी साडेपाचला शिपाईकाका गेटला कुलूप लावायचे. आत महापालिकेची तीन मजली शाळा. बाक, फळे, पंखे, नळाला पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह. गेटपासून दोन मिनिटांवर, पत्र्याच्या एका खोलीत, त्याच शाळेतली तीसेक मुलं चटईवर बसून आमच्याकडे शिकायची. खोली गणेश मंडळाची होती, त्यामुळे गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर आठवडाभर वर्ग बंद. मुलींना लघवीला जायचं तर घरी जावं लागायचं. घरी गेलेली मुलगी सहसा परत यायची नाही, कारण आईने तिला पाण्याच्या रांगेत उभं केलेलं असायचं.

आम्ही शाळेकडे दोन वर्गखोल्या मागितल्या. मुख्याध्यापक म्हणाले, वरून परवानगी आणा. वरच्यांनी दुसऱ्या विभागाकडे पाठवलं. तिथे विचारलं, लाइटबिल कोण भरणार आणि काही मोडलं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला मात्र कुणीच एकत्र बसलं नाही. वर्ष संपलं तेव्हा अर्ज तिसऱ्या टेबलावर होता आणि मी दुसऱ्या शहरात नोकरीला लागले होते.

तेव्हा माझं मत ठाम होतं. सरकारी शाळा म्हणजे मेलेली यंत्रणा, खरं काम आम्ही करतो. तुमच्यापैकी जे शनिवार-रविवारी वस्तीत शिकवायला जातात, त्यांनाही बहुधा असंच वाटत असेल. हे मत चुकीचं आहे, आणि ते मुलांना महागात पडतं.

दोन उदाहरणं बघा. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये 'प्रथम'च्या बालसखी उपक्रमाची पाहणी झाली. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी रोज दोन तास, शाळेच्याच वेळेत, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळं बसवून वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. जागा नसेल तर व्हरांड्यात. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. ही पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली नोबेल मिळालं.

त्यानंतर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात याच मंडळींनी आणखी एक प्रयोग तपासला. तिथे गावातले स्वयंसेवक शाळेबाहेर, शाळेच्या वेळेनंतर वाचनवर्ग घेत होते. जी मुलं आली ती खरंच वाचायला शिकली. पण आली किती? गावातल्या शंभर मुलांमागे दहासुद्धा नाहीत. शिकवणं उत्तम होतं, मुलंच पोचली नाहीत. शाळेत मुलं आधीपासून असतात. आपण शाळेला वळसा घालून जातो, तेव्हा नेमकी ज्यांच्यासाठी आलो त्यांनाच चुकवतो.

म्हणून 'भागीदारी' हा शब्द मला आता गंभीरपणे घ्यावासा वाटतो. आपल्याकडे तो फोटोपुरता उरलाय. एमओयूवर सह्या, शाल, नारळ, भिंतीवर लोगो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने दत्तक शाळा योजना आणली. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, आणि त्याची इच्छा असेल तर तेवढा काळ शाळेला त्याचं नाव. म्हणजे शाळेचं नाव देण्याची सोय शासन निर्णयात बसते. शेजारच्या अभ्यासवर्गाला संध्याकाळी दोन खोल्या उघडून देण्याची सोय मात्र कुठल्याच टेबलावर बसत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. संस्थांना आत घेतलं की सरकार हात झटकेल, शिक्षकांच्या रिकाम्या जागा स्वयंसेवकांवर भागवेल. ही भीती खरी आहे. पण कुलपाने खाजगीकरण अडत नाही. कुलूप होतंच, तरी दत्तक योजना आली. अडेल ते लेखी अटींनी: शाळेच्या वेळेतलं शिकवणं शिक्षकाचंच, भरती सरकारचीच.

हे जमवता येतं. कॅलिफोर्नियात २००२ साली मतदारांनी शाळेनंतरच्या उपक्रमांसाठी सरकारी निधीचा प्रस्ताव मंजूर केला. त्याचा प्रचार केला होता 'टर्मिनेटर'वाल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरने, गव्हर्नर होण्याच्या आधी. तिथे शाळा आणि स्थानिक संस्था मिळून कार्यक्रम चालवतात, आणि तो शाळेच्या प्रत्येक दिवशी किमान सहा वाजेपर्यंत, आठवड्याला किमान पंधरा तास चालला पाहिजे, असं कायद्यातच लिहिलंय. श्रीमंत राज्य आहे, मान्य. पण दार किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं हे लिहून ठेवायला श्रीमंती लागत नाही.

आता आपली बाजू. आमच्या वर्गातल्या एका मुलीकडे दोन वह्या होत्या. शाळेच्या वहीत भागाकार, फळ्यावरून जसाच्या तसा उतरवलेला. आमच्या वहीत मुळाक्षरं, कारण तिला वाचता येत नव्हतं. बाईंना आमची वही माहीत नव्हती, आम्ही त्यांची कधी उघडली नव्हती. आठ महिन्यांनी मी पहिल्यांदा बाईंना भेटले. त्या मतदार यादीचं काम करून आल्या होत्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही मार्चनंतर जाल. मला इथेच राहायचंय. आधी का नाही आलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फंडरला पाठवायच्या रिपोर्टमध्ये मुलांची संख्या होती, फोटो होते. बाईंशी बोलण्याचा रकानाच नव्हता.

तेव्हा मागणी दोन्हीकडे करायला हवी. महापालिकेने संध्याकाळी सातपर्यंत निदान दोन खोल्या आणि स्वच्छतागृह उघडं ठेवावं, शिपाईकाकांना त्या दीड तासाचा मोबदला द्यावा, आणि मोडतोडीची जबाबदारी कुणाची ते एका कागदावर लिहावं. निर्णय शाळा व्यवस्थापन समितीत व्हावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि मुलं त्यांचीच आहेत. संस्थांनी तीन वर्षं टिकणार असतील तरच यावं, आणि आठवड्यातून अर्धा तास बाईंसोबत बसावं, मुलाच्या दोन्ही वह्या समोर ठेवून. तो अर्धा तास शिक्षकांच्या कामाच्या वेळेत धरावा.

तुम्ही या जूनमध्ये कुठल्या वस्तीत शिकवायला जाणार असाल, तर चटई विकत घेण्याआधी शेजारच्या शाळेत जा. बाईंना भेटा. मग समितीतल्या पालकांना सोबत घेऊन किल्ली मागा, आणि नाही मिळाली तर पुन्हा मागायला जा. आम्ही एकदाच अर्ज केला आणि पत्र्याखाली बसलो. ती मुलगी पुढच्या वर्षी वरच्या वर्गात गेली. तिला वाचता यायला लागलं का, हे मला माहीत नाही.