ताईची वाटी

पुण्याहून कोल्हापूरला येताना पंचगंगेचा पूल लागायच्या आधी सांगली फाटा येतो. मी तिथंच उतरते. खांद्याला लॅपटॉपची बॅग, मोबाईलची बॅटरी चार टक्के आणि पोटात भुकेचा नुसता थयथयाट! कारण शिरोली एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत माझी ताई राहते आणि ताईकडे रविवारी मटण असतं. बस्स, एवढं कारण पुरे आहे.

मागच्या महिन्यातही अशीच पोचले. जिन्यातच वास आला. ओट्यावर दोन मोठी पातेली, एकात तांबडा, एकात पांढरा. सगळं नेहमीसारखं. फक्त पातेल्यासमोर उभी असलेली ताई नेहमीसारखी नव्हती. आठ महिन्यांत पस्तीस किलो कमी झालेली बाई पाठमोरी ओळखूच येत नाही, बॉस! गाऊन तोच जुना, त्यात अजून एक ताई मावली असती.

ताईची बॅरिअॅट्रिक सर्जरी झाली. वजन कमी करण्याची. हे वाचून तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात आलं असेल, ‘त्यापेक्षा सरळ जिम लावायची ना!’ खरं सांगू, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ताईला शुगर होती, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. डाएट करून झाली, चालून झालं, जिरं-लिंबू-मध सगळं झालं. वजन दहा किलो उतरायचं आणि बारा किलो चढायचं. ती एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघते. खुर्चीतली नोकरी, मार्च एंडला रात्रीचे नऊ. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सर्जरीचा फंडा थोडक्यात असा. स्लीव्ह नावाच्या प्रकारात दुर्बिणीतून जठराचा पाऊण भागापेक्षा जास्त हिस्सा काढून टाकतात. उरते केळ्याएवढी एक नळी. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही विझते. सुरुवातीचे दिवस नुसतं पातळ, मग गाळलेलं-मिक्सरमधलं, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घरचं जेवण. पण मोजून. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. भात शेवटी. पाणी जेवताना नाही, अर्धा तास मागे-पुढे. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जन्मभर.

सर्जरी करावी की नाही हा या कॉलमचा विषय नाही. ते डॉक्टर आणि तुमचं तुम्ही बघा. विमा कंपन्यांचंही आहेच. बीएमआय ४० च्या वर किंवा ३५ सोबत गंभीर आजार, अशा अटी नियामकांनी २०१९ मध्ये घालून दिल्या. माझा प्रश्न साधा होता. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ही सर्जरी करून घेतली तेव्हा बातम्या आल्या. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली तेव्हा तर टीव्हीवर रोज तिच्या किलोंचा स्कोअर चालू होता. पण जगभरात ही सर्जरी करून घेणाऱ्यांत बायका जास्त आहेत. आणि आपल्याकडे बाई म्हटलं की घरी परतल्यावर चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती गॅससमोर. स्वतः चार चमचे खाणार, आणि पाच माणसांचा स्वयंपाक करणार. हे कसं जमतं, ते कुणी विचारतच नाही.

मी विचारलं. ताई म्हणाली, ‘‘सगळ्यात अवघड काय होतं सांगू? मीठ.’’

म्हणजे?

म्हणजे असं, की आमटीला उकळी आली की आपण पळीतलं थोडं तळहातावर घेतो आणि चाटतो. दिवसातून दहा वेळा. पहिल्या महिन्यात तिला तेवढंही नको व्हायचं. तिखटाच्या वासानंच मळमळायचं. मग अंदाजपंचे मीठ. घरात कुणी काही बोलेना. दाजी गप्प, सासूबाई गप्प, सासरे तर ताक ओतून निमूट जेवायचे. ‘‘मला वाटायचं, छान होतंय. एके दिवशी दाजींच्या डब्यातली भाजी परत आली. मी जिभेला लावली, तर मीठच नाही गं! तीन आठवडे सगळे अळणी खात होते आणि मला ‘मस्त’ म्हणत होते.’’

सांगताना ती हसली, पण त्या दिवशी ती रडली होती. दाजींनी सांगितलं.

दाजी फाउंड्रीत आहेत. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला, म्हणजे डबा सहाला तयार हवा. भट्टीच्या धगीत आठ तास उभं राहणारा माणूस, त्याला तीन भाकऱ्या, भाजी, वर कांदा लागतोच. पण बायको समोर वाटी घेऊन बसलेली असताना आपण ताट ओरपायचं, याची त्यांना लाज वाटायला लागली. घरी दीडच भाकरी खायचे. आणि मग फाट्यावरच्या गाडीवर दोन आम्लेट-पाव! फोनपेच्या हिस्टरीत पकडले गेले. दर संध्याकाळी सव्वासहाला, त्याच गाडीवर. आता सांगा, सर्जरी एकीची आणि चोरून खाणारा दुसराच.

सासूबाईंचं वेगळं टेन्शन. कोल्हापुरात भरल्या ताटाला इज्जत आहे. तालमीतल्या पैलवानाचा खुराक कौतुकानं सांगणारं हे गाव. इथं पाहुण्याला आग्रह केला नाही तर तो चार गावांत सांगतो. तिथं घरची सून सहा चमच्यांत हात धुते म्हणजे काय! ‘‘एवढ्यानं काय हुतंय गं? चिमणी तरी जास्त खाती,’’ असं म्हणत त्या वाटीत अजून एक डाव घालायच्या. ताई ‘आई, नको’ म्हणायची. एकदा मन राखायला खाल्लं आणि मग अर्धा तास बाथरूममध्ये.

ज्ञान देऊन फरक पडला नाही. डाएटिशियनचा छापील कागद फ्रिजवर लावला, तोही त्यांनी वाचला नाही. फरक पडला एका शब्दानं. ताई एक दिवस म्हणाली, ‘‘आई, डॉक्टरांनी माझा खुराक बदललाय. थोडा खायचा, पण कसदार. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर केस गळतात, अंगातलं बळ जातं.’’ खुराक! बस्स. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईच बघायला लागल्या, सुनेला अंडं मिळालं का, पनीर आणलं का, मुगाचं धिरडं झालं का. सासूबाईंचे वडील म्हणे आखाड्यात उतरायचे. प्रोटीन म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, फक्त नाव वेगळं.

आणि दोन-दोन स्वयंपाकाचं काय? सुरुवातीला ताईनं तेही करून बघितलं. सकाळी घरच्यांचं वेगळं, आपलं वेगळं, मग ऑफिस. पंधरा दिवसांत हात टेकले. मग सोल्युशन सापडलं तेही रविवारच्या मटणातच.

कोल्हापूरकरांना माहितीये. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून नुसतं शिजवतात. ते अळणी. नाव अळणी, पण मीठ असतं थोडं. त्याच पाण्यातून पुढे तांबडा होतो आणि नारळाचं दूध घातलं की पांढरा. ताई आता कांदा-लसूण चटणी पडायच्या आधीच आपली वाटी बाजूला काढते. नुसत्या पाण्यात प्रोटीन फारसं नसतं, म्हणून दोन मऊ फोडी, हाडावेगळ्या, बारीक तोडून, वर भिजण्यापुरतं अळणी. बाकीचं पातेलं जसं होतं तसं, लालभडक.

एकदा ही युक्ती सापडल्यावर तिनं ती सगळीकडे लावली. मटकीची उसळ शिजली की कट पडायच्या आधी एक वाटी बाहेर. डाळ शिजली की फोडणीच्या आधी घट्ट डाळ बाहेर. पिठलं मात्र सगळ्यांचं एकच, फक्त तिच्या वाट्याला मिरची कमी. एकच स्वयंपाक, फक्त मध्येच एक थांबा. मिसळ-पाव बंद. फरसाण आणि पाव तिच्या नळीत अडकतात. गुळाचा चहाही बंद, कारण गोड प्यायलं की छाती धडधडते, घाम फुटतो. मिसळीबद्दल बोलताना तिचा आवाज थोडा हलला, एवढं मी नोंदवून ठेवते.

ऑफिसातल्या डब्याचंही ऐका. एक वाजता पाच जणी डबे उघडतात. आधी ताईच्या डब्यावर सगळ्यांचे हात पडायचे. आता तिच्या इवल्याशा डब्यात कोण हात घालणार? दोन आठवडे ती टेबलावर नुसतीच बसून राहिली. मग पुन्हा मोठा डबा न्यायला लागली. एक कप्पा तिचा, तीन कप्पे मैत्रिणींना. ‘‘खायला घालायची हौस कुठं ऑपरेशन करून काढलीये?’’ म्हणते.

इथपर्यंत सगळं जमून आलेलं. मग जून उजाडला आणि माझ्या भाचीनं ताट ढकललं.

भाची नऊ वर्षांची. दोन चपात्या खाणारी पोर एक खायला लागली, मग अर्धी. एका रात्री आईच्या वाटीसारखी वाटी घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘मला पण एवढंच. आई, बारीक झाल्यावर सगळे तुला छान म्हणतात.’’ ताई मला फोनवर हे सांगत होती तेव्हा तिला बोलताच येईना. कारण खरंच होतं ते. आठ महिने घरात आल्यागेल्यानं दुसरा विषयच काढला नव्हता. किती उतरलं? अजून किती? वा, काय दिसतेस! आणि ती नऊ वर्षांची पोर कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती.

ताईनं वजनकाटा उचलून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. पाहुण्यांना तोंडावर सांगायला सुरुवात केली, ‘‘वजनाचं नंतर बोलू, चहा घेता का?’’ पोरीला जवळ घेऊन पोटावरची पाच बारीक टाक्यांची खूण दाखवली आणि म्हणाली, ‘‘माझं पोट आजारी होतं म्हणून छोटं केलं. तुझं वाढतंय, त्याला भाकरी लागते.’’ पोर लगेच पटली असं नाही. अजूनही कधीतरी अर्धी चपाती तशीच ठेवते. ताई मग काही बोलत नाही, पण त्या रात्री तिला झोप लागत नाही. डॉक्टरांच्या पुढच्या व्हिजिटला पोरीलाही घेऊन जाणार आहे.

मध्ये मी विचारलं, आता तर २०२५ पासून मौंजारो, वेगोवी अशी इंजेक्शनंही आपल्याकडे आलीत, ती आधी असती तर? ताईनं खांदे उडवले. ‘‘इंजेक्शन घेऊनसुद्धा भूक मरतेच की. स्वयंपाक कोण करणार होतं, तू?’’

रविवारी आम्ही सगळे खाली बसून जेवलो. ताईनं स्वतःसाठीही मोठं ताट घेतलं. मध्ये तिची छोटी वाटी, बाजूला काकडी, लिंबू, भाकरीचा चतकोर. पोरीच्या डोळ्यांसमोर रिकामी जागा नको म्हणून. दाजी चौथी भाकरी घेताना तिच्याकडे बघून थांबले, ती म्हणाली, ‘‘घ्या की, फाट्यावरची बरी लागते होय?’’ सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी तांबड्याच्या तिसऱ्या वाटीवर होते. भाचीनं मटणाची अजून एक फोड मागितली. ताईनं तिच्याकडे न बघता वाढली आणि आपला घास चावत राहिली. वीस-पंचवीस वेळा चावते ती एकेक घास.

निघताना हातात डबा दिला. सुक्कं मटण आणि दोन भाकऱ्या. ‘‘मीठ बघ आणि फोन कर. खरं सांगायचं.’’

कराडला बस थांबली तेव्हा मी डबा उघडला. पहिला घास खाल्ला आणि फोन लावला.

‘‘चिमूटभर कमी आहे,’’ मी म्हटलं.

‘‘वाटलंच मला,’’ ताई म्हणाली. आणि पलीकडे सासूबाईंना ओरडून सांगितलं, ‘‘आई, कमीच होतं बघा!’’