बागेंतील स्टेशनाचीं दारें व खिडक्या

न्यूरेंबर्गच्या लेहमान कारखान्यानें १९६८ सालीं बागेंत चालविण्याजोगी खेळांतली आगगाडी बाजारांत आणिली. तिचें प्रमाण साडेबावीसांस एक. तिचें स्टेशन घरीं बांधणारे पुष्कळ जण महिनाभर भिंतींवर खपतात, आणि दारें मात्र तयार आणून डकवितात. हें आम्हांस पसंत नाहीं. इमारतीचें माप डोळा दारावरून घेतो, कारण दार माणसाच्या उंचीचें असतें. २१०० मिलिमीटरांचें दार त्रैराशिकानें ९३ मिलिमीटर येतें, आणि चौकटीची ७५ मिलिमीटर रुंदी सुमारें ३.३. ती पांच झाली कीं स्टेशनाचें बाहुलीघर झालेंच! (हें गणित मुलांकडून करवावें, पाटीवर कंटाळणारीं मुलें येथें आपण होऊन पडताळा घेतात.)

आकृति पूर्ण मापानें काढून पाटावर टांचावी, वर मेणकागद घालावा, व त्यावर चौकट जुळवावी. खिडकीच्या बारीक पट्ट्या एकाच ठोकळ्यास टेकवून कापाव्या, म्हणजे लांबींत फरक पडत नाहीं. लाकूड पावसानें फुगतें, सांधे सुटतात. म्हणून बागेसाठीं प्लॅस्टिकच्या पट्ट्या बऱ्या. रंग पुरता वाळल्यावरच तावदान मागून लावावें, नाहीं तर त्यावर रंगाचे डाग पडतात व ते निघतां निघत नाहींत.